पाच दिवसांचा नवस

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सरली की आमच्या घरात सुट्टीची भांडणं लागतात. यंदाही लागली आहेत. नातवाला समुद्र पाहिजे, नातीला थंड हवा, मुलाला नुसतं झोपायचं आहे, आणि खिसा म्हणतो की आपलं बुलडाणं काय वाईट आहे. रोज जेवणं झाली की टेबलाभोवती बैठक बसते आणि तासाभरानं फिसकटते. काल सून इतका वेळ गप्पच होती. शेवटी कोणाला तरी आठवलं की हिलाही विचारावं. तर ती म्हणाली, "कुठंही न्या. फक्त तिथं 'आज भाजी कोणती करू' हे मला विचारावं लागू नये." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. मी उठून गॅलरीत आले. घाटाकडून वारा येत होता आणि खालच्या वस्तीत कुणीतरी गोवऱ्या पेटवल्या होत्या. त्या वासानं मला पार कुठल्या कुठं नेऊन ठेवलं.

माझा स्वभाव फटकळ, हे आधीच सांगून ठेवते. जन्मभर शाळेत पोरं हाकली, त्यामुळे गोड बोलणं जरा कमीच जमतं. पण त्या एका उन्हाळ्याची गोष्ट निघाली की माझा आवाज आपोआप खाली येतो, असं घरचे म्हणतात. म्हणत असतील.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. राजधानी नागपूर, पण ती ऐकण्यापुरती. आमची सगळी दुनिया खामगावात मावायची. बाबा एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर होते, म्हणजे आलेला कापूस तोलायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांच्या डोक्याच्या केसांत, मिशीत, कानांत कापूस. चैत्रात जिन बंद पडलं की बाबांना सुट्टी आणि आमची शाळाही सुटलेली. मी दहा वर्षांची, धाकटा बंडू सहाचा. पायनघाटातला, म्हणजे घाटाखालच्या सपाटीचा, उन्हाळा काय असतो हे ज्यानं काढला त्यालाच ठाऊक. दुपारी अंगणात पाणी टाकलं तर ते जमिनीत जायच्या आधीच वर उडून जायचं. त्यामुळे सुट्टी लागली की घाटावर उंद्रीला, बाबांच्या मोठ्या भावाकडे, हे ठरलेलं. त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मोठी माय. खर्च काय तो सर्व्हिस मोटारीच्या तिकिटाचा. तिथं विहीर होती, बैल होते, गावाबाहेर स्वतःची आमराई होती. आम्हा पोरांना याहून जास्त काही देवानंसुद्धा दिलं नसतं.

त्या साली मात्र माघात आईला निमोनिया झाला. एकवीस दिवस ती अंथरुणाला होती. उठली, पण खोकला तिच्या छातीतून उठेना. भाकरी थापता थापता तो यायचा आणि ती भिंतीला हात टेकून उभी राहायची. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी, आणि जरा श्वास मिळाला की पुन्हा परातीकडे. शेवटी बाबा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांचं बोट धरून मीही गेले होते. डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "महिनाभर यांना चुलीजवळ बसू देऊ नका. मोकळी हवा द्या. धूर असाच छातीत जात राहिला तर हे दुखणं उलटेल, आणि उलटलं तर मग माझ्या हातात काही नाही." बाजूला घेतलं होतं बाबांना, पण मी बाबांच्या धोतराला धरूनच होते. त्या दिवसापासून माझे कान आईच्या खोकल्यावर बसले. शाळेत पाढे म्हणतानाही घरी काय चाललं असेल ते मला ऐकू येतंय असं वाटायचं.

आता चुलीजवळ बसू देऊ नका म्हणणं सोपं. आईला बसवायचं कुठं? खामगावात ती स्वतःच्या घरात स्वस्थ बसेल हे शक्य नव्हतं. शेजारच्या काकू दोन दिवस डबा देऊन गेल्या, तर तिसऱ्या दिवशी आईनं त्यांच्या डब्यात उलट शिरा भरून पाठवला. बाई माहेरी गेली तर चार दिवस बसते, पण आईचे आईबाप केव्हाच गेलेले आणि भाऊ नोकरीसाठी पार रायपुराकडे. चिखलदऱ्याची हवा चांगली, असं जिनातल्या मॅनेजरांनी सांगितलं. बाबा घरी येऊन म्हणाले, "चांगली हाये म्हणते. साहेब लोकाइले." तिथं बंगला घ्यायचा, आचारी ठेवायचा, हे आमच्यासारख्यांनी नुसतं ऐकायचं. राहता राहिली उंद्री. पोरांची चंगळ, बाबांना भावाशेजारी बाजेवर पडायला मिळे, पैसाही लागत नव्हता. फक्त आईची सुट्टी तिथं व्हायची नाही. उलट जे काही बारा महिन्यांत करायचं राहिलं असेल ते उंद्रीत पंधरा दिवसांत वसूल व्हायचं.

हे मला त्या साली पहिल्यांदा दिसलं. तोवर उंद्री म्हणजे आंबे एवढंच मला माहीत होतं. वैशाखात उंद्रीच्या घरात वाळवणं निघायची. कुरड्या, पापड, शेवया, सरगुंडे. कुरड्यांचा चीक शिजवायचा म्हणजे पहाटेपासून मोठ्या चुलीपुढे उभं राहून घोटायचं. घर कौलारू, स्वयंपाकघराला एक हातभर झरोका. धाकटी जाऊ आली म्हणजे हाताखाली दोन हात आले, असा हिशेब. त्यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. मोठी माय स्वतःही पहाटेपासून त्याच धुरात उभी असायची. मोठी माय उभी आणि आई बसली, हे या जगात होणंच नाही.

मग सांगायचं ना सरळ, असं सून मला म्हणाली, जेव्हा मी तिला हे एकदा सांगितलं. बाई गं, सांगायचं कोणी? धाकट्या भावानं थोरल्या भावासमोर उभं राहून माझ्या बायकोला विसावा पाहिजे म्हणायचं? गावभर 'बायकोचा बैल' म्हणून नाव झालं असतं, आणि ते नाव मरेपर्यंत पुसलं गेलं नसतं. शिवाय आईनं निघतानाच बाबांना बजावलं होतं, "बाईसमोर मायं दुखणं काढू नका. त्या म्हणतीन, कामाच्या वेळेले खोकला आला." आई मोठ्या मायला बाई म्हणायची. बाबा हो म्हणाले. त्यांच्या मनात तेव्हा दुसरं काही नव्हतंच.

सर्व्हिस मोटारीनं घाट चढला, बंडूनं घाटात ओकाऱ्या काढल्या, आणि दुपारी आम्ही उंद्रीत. आई पदर खोचून थेट आत गेली. अर्ध्या तासात आतून खोकला ऐकू यायला लागला. मी ओसरीवर बसून चिंचोके खेळत होते. बाबा आणि मोठे बाबा पलीकडे पान लावत होते. बाबांचा हात दर खोकल्याला थांबायचा, हे मी पाहत होते. संध्याकाळी पुरुषांची पानं वाढली. मोठी माय वाढता वाढता म्हणाली, "उद्या चीक शिजवाले घेऊ. लहानी आली तं हात भेटला." लहानी म्हणजे माझी आई.

बाबांचा घास हातातच राहिला. आणि ते म्हणाले, "वयनी, उद्या नाई जमत. सांगाचंच राह्यलं. मायावर नवस हाये."

"कायचा नवस?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"रोडग्याचा. आपल्या आमराईतल्या मारुतीले."

"मंग फेडू की. शनिवार उद्याच हाये."

"एका दिवसाचा नाई, दादा. पाच दिवसाचा."

इथं रोडग्यांचं सांगितलं पाहिजे, नाहीतर बाबांनी काय केलं ते कळायचं नाही. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे गोळे करायचे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवून वरणासोबत, वांग्याच्या भाजीसोबत खायचे. देवाला हा नैवेद्य शेतात, झाडाखाली होतो. आणि आमच्याकडे तो पुरुषांनी करायचा. कणीक पुरुष मळणार, भाजी पुरुष चिरणार, वरण पुरुष घोटणार. बायकांनी हात लावायचा नाही. त्यांनी पंगतीला बसायचं. वर्षातून एखाद्या दिवशी येणारी ही गोष्ट बाबांनी हिसका देऊन पाच दिवसांची केली. एवढ्यावर थांबले असते तर एक वेळ ठीक. पण माणूस एकदा खोटं बोलायला लागला की त्याला हात आखडता येत नाही. ते पुढे म्हणाले, "अन् नवस हाये तोवर घरची चूल पेटवाची नाई. सगळ्याइनं तिथीच राहाचं, तिथीच खाचं."

मोठी माय हातात वरणाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं बाबांकडे चांगलं टक लावून पाहिलं. मग ती म्हणाली, "देवाचं हाये म्हणता तं देवाचं." आणि वरण वाढलं.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून सगळं घर आमराईत. त्या साली आमराई करीमचाचांनी घेतली होती. नांदुऱ्याचे बागवान; मोसमभर झाडांचा सौदा करायचे आणि झोपडी टाकून राखणीला राहायचे. देवाचा नवस, मर्दांनी पकवायचं, हे ऐकून ते आपल्या चुलीवरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मैं तो चार महिने से रोज पका रहा हूँ. मेरे कू किसी देव ने नहीं पूछा." पण मग उठून त्यांनी वाऱ्याचा अंदाज घेतला आणि बाबांना दाखवून दिलं की आगटी कुठं पेटवायची, म्हणजे धूर ओढ्याकडे जाईल आणि बायका बसल्यात तिकडे येणार नाही. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. आईला एकदा खोकताना ऐकलं असेल, बस.

पहिल्या दिवशीचे रोडगे म्हणजे काय विचारता. बाबांचा हात काट्यावरचा. प्रत्येक गोळा तोलून तोलून सारखा. पण आर किती पाहिजे ते कुठं माहीत. वरून कोळसा, आतून कच्ची कणीक. वांग्यात मीठ मोठ्या बाबांनी टाकलं आणि बाबांनीही टाकलं. आम्ही पोरांनी पाणी पीत पीत ते खाल्लं आणि आम्हाला ते अमृत लागलं, कारण दिवसभर आम्ही गोवऱ्या वाहिल्या होत्या, राखेत हात घातले होते आणि कोणीही आम्हाला 'लांब हो' म्हटलं नव्हतं. बाबा आम्हाला हुकूम सोडायचे आणि आम्ही धावायचो. त्या आधी बाबा आमच्याशी असे कधी खेळले नव्हते. खेळत नव्हतेच म्हणा ते, जीव तोडून काम करत होते बिचारे, पण आम्हाला खेळच वाटला.

आणि तिकडे आंब्याखाली दोघी जावा. त्यांची फारच पंचाईत झाली होती. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. मोठ्या मायनं आधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून काढला. मग आणखी एका झाडाखालचा काढला. मग ती वांग्यांकडे निघाली तेव्हा मोठे बाबा ओरडले, "ओ, हात नको लावू, नवस हाये." ती परत फिरली आणि धप्पकन आईच्या शेजारी बसली. आई घोंगडीच्या कडेवर अशी बसली होती, की कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं. कुणी मारली नाही. दुपारपर्यंत ती कडेवरून मध्यावर सरकली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मायनं ओढ्यातून पाच गोल खडे आणले आणि दोघी सागरगोटे खेळायला लागल्या. मोठी माय चिडकी निघाली. हरली की म्हणायची, "तू पदराआडून झेलून राह्यली, हे नाई चालत." आई म्हणायची, "बाई, पदर तं तुमचाच आडवा येते." मी बाजूला बसून पाहत होते. मोठी माय रागावली की घर कसं चिडीचूप व्हायचं ते मला माहीत होतं, पण हा राग वेगळा होता, लहान पोरीचा. मला तो फार आवडला.

तरी माझ्या जिवाला घोर होताच. आईच्या खोकल्याचा तर होताच, आता मारुतीचाही लागला. देवाच्या नावानं खोटं बोललं तर देव काय करतो याच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. त्यानं आईवरच सूड उगवला तर? तिसऱ्या दिवशी कणीक मळणाऱ्या बाबांजवळ जाऊन मी हळूच विचारलं, "बाबा, तुमी खरंच नवस बोलले होते?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. कोपरापर्यंत कणीक, कपाळाला राख. म्हणाले, "डॉक्टरसमोर उभा होतो ना, तवा मनातल्या मनात बोललोच होतो, हिले वाचव म्हणून. कोन्या देवाले बोललो तेवढं ठरवाचं राहून गेलं होतं. आता ठरवलं." आणि मग म्हणाले, "जाय, गोवऱ्या आन." माझा अर्धा घोर तिथंच उतरला.

चौथ्या दिवशीची दुपार मला कालच्यासारखी आठवते. ऊन मी म्हणत होतं, पण आमराईत गारवा होता. रोडगे एव्हाना झकास जमायला लागले होते. मोठ्या बाबांच्या अंगात आचारी संचारला होता; ते करीमचाचांना वरणाच्या फोडणीवरून शिकवायला गेले आणि त्यांच्याकडून स्वतःच शिकून आले. जेवणं झाली. बंडू पडलेले आंबे गोळा करत होता. करीमचाचांचा नियम होता, "पेड़ पे जो है वो मेरा, जमीन पे जो है वो बच्चों का." मोठी माय तोंड उघडं टाकून घोरत होती. आई तिच्या शेजारी हात उशाला घेऊन निजली होती. मी आईला वारा घालत होते. घालता घालता मला कसलंतरी चुकचुकल्यासारखं वाटायला लागलं. काहीतरी व्हायला पाहिजे होतं आणि होत नव्हतं. बराच वेळ मला कळेना. मग कळलं. सकाळपासून आई खोकलीच नव्हती. मी पंखा खाली ठेवून तिच्या छातीला कान लावला. घरघर नव्हती. नुसता श्वास येत जात होता. मी तशीच कान लावून पडून राहिले आणि मला रडायला आलं. दोन महिने जे घशाशी धरून ठेवलं होतं ते सगळं त्या दुपारी आईच्या पदरात गेलं. ती जागी झाली, म्हणाली, "काऊन रडून राह्यली?" मी म्हटलं, मुंगी चावली.

पुढे मी खूप फिरले. शाळेच्या सहली नेल्या, नोकरीचे पैसे हाती आल्यावर समुद्र पाहिला, डोंगर पाहिले. पोरांचं एक बरं असतं, त्यांची सुट्टी कुठंही होते. झाड, पाणी आणि रागवायला सवड नसलेले आईबाप, एवढ्यावर त्यांचं भागतं. मोठ्यांची सुट्टी मात्र गाव बदललं म्हणून होत नाही. त्यांच्या हातातलं काम कोणीतरी काढून घ्यावं लागतं. आमच्या आईच्या हातातलं काढून घ्यायला तर बाबांना देव मध्ये घालावा लागला.

पाचव्या दिवशी नवस पुरा झाला. मारुतीला शेंदूर लागला, नारळ फुटला. भांडी गाडीत चढत होती. तेव्हा मोठ्या मायनं बाबांना गाडीआड गाठलं. मी गाडीत चढून बसले होते, त्यांना दिसले नाही.

"भाऊजी, एक इचारू? पाच दिवसाचा रोडग्याचा नवस मायच्या मायनंबी कधी आयकला नाई. अन् चूल बंद ठेवाचं हे कोन्या गावचं?"

बाबांचं तोंड उतरलं. "वयनी, तुमाले माईत होतं?"

"त्याच दिवशी. ताटावर तुमचं तोंड पाह्यलं तवाच."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"लहानी खोकलते ते मले आयकू येत नाई का? मी का बहिरी हावो?" मोठ्या मायनं डोक्यावरचा पदर नीट केला. "अन् खरं सांगू का, भाऊजी. या घरात आली तवापासून मीबी कधी बसली नव्हती."

बाबा खाली वाकले आणि त्यांनी तिच्या पायांना हात लावला. मोठी माय म्हणाली, "बस झालं, चाला आता, बैल खोळंबले."

कुरड्या त्या साली झाल्याच नाहीत. कोणाचं काही अडलं नाही.

पुढच्या चैत्रात जिन बंद पडलं त्याच आठवड्यात उंद्रीहून पत्र आलं. अक्षर मोठ्या बाबांचं, पण मजकूर कोणाचा ते पहिल्या ओळीतच कळत होतं. बाबांनी मोठ्यानं वाचलं. लहानीची छाती कशी आहे ते कळवणे. आंबा यंदा बरा आहे, करीमभाई झोपडी टाकून बसले आहेत. तुझी वहिनी सांगते की भाऊजीले लिहा, यंदा मारुतीले नवस सात दिवसाचा बोलजा.

बाबा हसत सुटले. बंडूनं लगेच गोवऱ्या कोण वाहणार ते ठरवायला सुरुवात केली. आई सुपात डाळ पाखडत होती. आजारी पडली तेव्हाही जिनं कधी कोणाकडं पेलाभर पाणी मागितलं नव्हतं, ती माझी आई. तिनं सूप खाली ठेवलं, हात पुसले, आणि उत्तर लिहायला बसलेल्या बाबांना म्हणाली,

"सात कशाले? नऊ लिवा."